आई-बाबांना ॲलन पेज समजावून सांगायचा असेल तर

मिनेसोटातल्या मराठी घरी भारतातून पाहुणे आले की जेट लॅग उतरायच्या आत त्यांना मॉल ऑफ अमेरिका दाखवायला नेतात. आता रिवाजच झालाय तो. नेणारच असाल तर मधल्या पाळण्यांच्या जत्रेत जमिनीत बसवलेली एक पाटी शोधा. पूर्वी तिथे मेट्रोपॉलिटन स्टेडियम होतं, त्यातल्या बेसबॉलच्या होम प्लेटची ती खूण. व्हायकिंग्ज हा आमचा अमेरिकन फुटबॉलचा (हातात चेंडू घेऊन पळायचा, फेकायचा तो खेळ) संघ १९८१ पर्यंत तिथेच, उघड्या मैदानात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत खेळायचा. बड ग्रँट हे त्यांचे प्रशिक्षक खेळाडूंना बाजूला शेकोटीपुरता हीटरही लावू देत नसत. याच संघातून खेळलेला आणि पुढे न्यायमूर्ती झालेला ॲलन पेज, त्याची गोष्ट मी बाबांना सांगितली ती या पाटीपाशी. आधी घरी एकदा सांगून फसलो होतो, म्हणून हा खटाटोप.

फसलो ते नियमांपासून सुरुवात केल्यामुळे. चार संधी, दहा यार्ड, मग पुन्हा चार संधी. पाचव्या मिनिटाला बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आमच्या घरात याचा अर्थ ‘पुरे’. तेव्हा नियम अजिबात सांगू नका. एका माणसाचं काम सांगा.

जुनं चित्रण लावा आणि पाहुण्यांना बजावा, चेंडूकडे बघायचं नाही. बघायचं फक्त ८८ नंबरकडे, म्हणजे पेजकडे. तो डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावाच्या फळीत मधोमध, एक हात जमिनीला टेकवून ओणवा बसलेला. समोर त्याच्याहून जाडजूड दोन गडी, त्यांच्यामागे चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक. समोरच्याने चेंडू मागे सरकवला की पेजने त्या दोघांच्या फटीतून घुसून क्वार्टरबॅकला आडवा करायचा. त्याला सॅक म्हणतात. सगळा खेळ तीन-चार सेकंदांचा. बाबा तरुणपणी कबड्डीत कोपरा सांभाळायचे. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, “अरे, हा चेंडू बघतच नाहीये. समोरच्याचा पंजा बघतोय.” तो नेमकं काय बघत होता ते मला ठाऊक नाही, पण इतरांच्या आधी सुटतो एवढं मलाही दिसलं. बाबांना मात्र त्या क्षणापासून हा माणूस आपला वाटायला लागला.

आकड्यांच्या बाबतीत एक सावधगिरी. पाहुणे मोबाइल काढून त्याचे सॅक शोधतील आणि गोंधळतील. सॅकची अधिकृत नोंद १९८२ पासून सुरू झाली आणि पेज १९८१ च्या मोसमानंतर निवृत्त झाला, त्यामुळे अधिकृत खात्यात त्याच्या नावावर काही नाही. मागाहून ज्यांनी मोजले, त्यांचा आकडा १४८.५ आहे. त्यापेक्षा १९७१ सांगा. त्या वर्षी तो एनएफएल या व्यावसायिक फुटबॉलच्या लीगमधला सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. बचाव करणाऱ्याला हा मान मिळायची ती पहिलीच वेळ. त्यानंतर असा मान फक्त लॉरेन्स टेलरला मिळाला, १९८६ मध्ये. चार सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यांत, पेज खेळला आणि व्हायकिंग्ज चारही हरले. हे शेजारच्या गोऱ्या आजोबांसमोर बोलू नका, जेवण कडू होतं.

आता मैदानाबाहेरची गोष्ट, आणि इथे घाई करू नका. बाबा साताऱ्याच्या कोर्टात तीस वर्षं लघुलेखक होते, त्यामुळे त्यांना तर इथेच खरी गोडी लागली. पेजने खेळत असतानाच कायद्याला प्रवेश घेतला. पहिला प्रयत्न काही आठवड्यांतच सोडून दिला. मग १९७५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात पुन्हा नाव घातलं आणि १९७८ मध्ये पदवी घेतली. म्हणजे रविवारी शिकागो नाही तर ग्रीन बेच्या माणसांना आडवं करायचं आणि आठवड्यात करार कायद्याचं पुस्तक उघडायचं. बाबांचा पहिला प्रश्न, “हजेरी कोण लावायचं?” उत्तर माझ्याकडे नव्हतं.

याच काळातली वजनाची गोष्ट सांगायची. बायको डायॲन सिगारेट सोडायच्या खटपटीत होती आणि तिच्याबरोबर तोही पळायला लागला. पळता पळता नाद लागला आणि वजन उतरलं. १११ किलोच्या आसपासचा गडी शंभरीकडे आला. संघाला वाटलं, हा आता या जागेसाठी हलका पडतो. ऑक्टोबर १९७८ मध्ये त्याला सोडून दिलं. संघाने सोडलेला खेळाडू दुसऱ्या संघाला ठरावीक शुल्क भरून उचलता येतो, त्याला वेव्हर म्हणतात. शिकागो बेअर्सने १०० डॉलर भरले आणि माजी सर्वोत्तम खेळाडू घेऊन गेले. तिथे तो आणखी तीन मोसम खेळला. पंधरा मोसमांत त्याने एकही सामना चुकवला नाही. १९७९ मध्ये मॅरेथॉनही पुरी केली. खेळत असताना मॅरेथॉन पुरी करणारा लीगमधला तो पहिलाच.

“शंभर डॉलर?” बाबांनी दोनदा विचारलं. मॉलमध्ये आम्ही चौघांनी केलेल्या नाश्त्याचं बिल खिशात होतं, म्हणून तुलना करायचा मोह टाळला.

पुढचं आयुष्य सांगताना हॉल ऑफ फेमची, म्हणजे फुटबॉलच्या थोर खेळाडूंच्या स्मारक-संग्रहालयाची, वीट विसरू नका. पेज ओहायोतल्या कँटनचा. तिथे हॉल ऑफ फेमची इमारत उभी राहत होती तेव्हा पोरवयात त्याने त्या बांधकामावर काम केलं होतं. १९८८ मध्ये त्याच इमारतीत त्याचा पुतळा बसला. ओळख करून द्यायला त्याने कुणा प्रशिक्षकाला नाही, तर मिनियापोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावलं. त्याच वर्षी पेज फाउंडेशन सुरू झालं. कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य मुलांना कॉलेजसाठी पैसे द्यायचे, अट एकच, त्यांनी लहान मुलांना शिकवायला वेळ द्यायचा.

मग न्यायमूर्तिपद. आमच्या राज्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मतदानाने निवडले जातात, हे ऐकून बाबा हादरले. “जज्जसाहेब मतं मागत फिरतात?” १९९२ मध्ये तर गव्हर्नरने एका न्यायमूर्तींची मुदत वाढवल्यामुळे निवडणूकच टळत होती. पेज त्याविरुद्ध कोर्टात गेला, जिंकला, निवडणूक लढवून तीही जिंकली आणि या न्यायालयातला पहिला कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाला. २०१५ मध्ये सत्तरी गाठली तेव्हा नियमाप्रमाणे निवृत्त झाला. मिनियापोलिसमधल्या एका शाळेला आता त्याचं नाव आहे. विद्यार्थ्यांनीच ते मागून घेतलं.

हे सगळं सांगितल्यावर पाहुणे हमखास म्हणतात, मग आपल्या नातवाला घाला की फुटबॉलमध्ये. इथे जरा थांबवा. पेजच्या करंगळीचा फोटो दाखवा, ती सांध्यातून काटकोनात बाहेर वळलेली आहे. आणि माइक वेबस्टरचं नाव सांगा. पिट्सबर्गचा मोठा खेळाडू, २००२ मध्ये पन्नाशीत गेला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना त्याच्या मेंदूत वर्षानुवर्षांच्या आघातांच्या खुणा सापडल्या. आमच्या घरी हा विषय आईने एका वाक्यात मिटवला, “पोहायला घाला.”

पाहुणे ऑक्टोबरात असतील तर मॅरेथॉनच्या सकाळी बाहेर काढा. वर्षानुवर्षं पेज मार्गाकडेला उभा राहून अंगाभोवती वेटोळं घालणारं ते अजस्र पितळी वाद्य, सूझाफोन, धावणाऱ्यांसाठी वाजवायचा. मी पहिल्यांदा पळालो तेव्हा त्याला लग्नाच्या बँडवाल्यासारखा कुणी समजून हात हलवला होता. कोण ते बायकोने रात्री सांगितलं.

बाबा साताऱ्याला परतले. परवा फोनवर मागे त्यांच्या मित्रांचा आवाज येत होता, आणि बाबा कुणाला तरी सांगत होते, “शंभर डॉलरला विकलेले न्यायमूर्ती.” मी म्हटलं, बाबा, विकले नाहीत, ते वेव्हरचं शुल्क होतं, आणि तेव्हा ते न्यायमूर्तीही नव्हते.

“तपशील तू सांभाळ,” बाबा म्हणाले, आणि पुढे सांगायला लागले.