थांबताय की नुसते आडवे होताय? या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 वर गेला की दुपारची बाजारपेठ आपोआप ओस पडते. शटर अर्धं खाली, कूलर सुरू, मालक गादीवर आडवा. बघणाऱ्याला वाटतं, काय आराम चाललाय! जवळ जाऊन पाहा. मोबाइल छातीवर, एक डोळा मिटलेला आणि दुसरा बऱ्हाणपूरला केळीचा काय भाव निघाला त्या मेसेजवर. चार वाजता हा माणूस उठतो तो चिडलेलाच. माझा निकष साधा आहे: त्या वेळात काम तुमच्यापर्यंत पोचतंय का? पोचत असेल तर तुम्ही थांबलेला नाहीत, आडवे होऊन ड्युटीच करताय.

"एवढं काम उरकलं की थांबू"

सगळ्यात मोठी चूक ही. काम उरकत नसतं, केळीवाल्याला विचारा. जून-जुलैत लावली ती मृगबाग, ऑक्टोबरात लावली ती कांदेबाग, दोन्ही केळीच्याच. एकीची कापणी चालू असते तेव्हा दुसरीला खतपाणी हवं असतं. त्यात थ्री फेज लाइट रात्रपाळीची आली की दोन वाजता बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघायचं. अशा माणसाने काम संपायची वाट पाहिली तर झालंच!

जुन्या लोकांनी म्हणून कामाकडे बघून सुट्टी ठरवली नाही, तिथीकडे बघून ठरवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी, बैलाच्या खांद्याला हळद-लोणी, आणि पोळ्याला मानेवर जू ठेवायचंच नाही. कोळपणी राहिली तर राहिली. आखाजीचंही, म्हणजे अक्षय्य तृतीयेचंही तेच. वर्षाच्या कराराने ठेवलेल्या गड्याचं, सालदाराचं, साल त्या दिवशी संपायचं, नवं ठरायचं, गावात पत्त्यांचे डाव बसायचे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, 10 जून 1890 रोजी. गिरणीतलं काम संपलं म्हणून ती कोणी दिली नव्हती.

तेव्हा महिना सुरू होतानाच एक अर्धा दिवस कॅलेंडरवर गोल करून ठेवा. आठवडे बाजाराचा दिवस सोडून. पुढची कामं त्या गोलाच्या अलीकडे-पलीकडे बसतात, बसवावी लागतात.

सुट्टी म्हणजे गाडी काढणं

पहाटे चारला निघून तोरणमाळचं थंड हवेचं ठिकाण, येताना प्रकाशाचं तीर्थ, रात्री अकराला घर, सोमवारी डोळे लाल. मजा येते, जरूर जा. पण तो थांबा धरू नका. परत आल्यावर अर्धा दिवस वेगळा ठेवा.

घर थांबतं, घरातली बाई नाही

यावर बोलायला कुणाला आवडत नाही. आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. खान्देशातल्या बाईला वर्षातून हक्काने मिळणारी मोकळीक ती हीच. मात्र त्याच दुपारी, त्याच उन्हात, कुणीतरी चुलीपुढे बसलेली असते. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि पालथ्या खापरावर अलगद टाकायची, एकामागून एक. लेक झोक्यावर असते तेव्हा खापरापुढे तिची आई असते, नाहीतर ज्या सुनेला यंदा माहेरी जायला जमलं नाही ती.

रविवारचंही वेगळं नसतं. सगळे घरी म्हणून नाश्ता दोनदा, चहा पाचदा. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते तेव्हा कापसाच्या काड्यांवर वांगी भाजायला पुरुष हौसेने पुढे असतात. काळी झालेली भांडी कोण घासतं, हे विचारू नये! उपाय: तिच्या सुट्टीच्या दिवशी भरीत-भाकरी विकत आणा किंवा खिचडी टाका, आणि ती दुसऱ्याने टाका. घरात बसून तिला सुट्टी लाभत नसेल तर मैत्रिणीकडे जाऊ द्या. स्वयंपाकघर दिसलं की हात जातोच.

न सांगता फोन बंद

मग शेजाऱ्याच्या फोनवर निरोप येतो, "काय भो, उचलत का नाही?" आडत्याला, गड्याला, साहेबांना आदल्या दिवशी सांगा. खरी अडचण आली तर कुणाला विचारायचं ते नावही द्या. मग फोन घरातल्या दुसऱ्याच्या हाती. सायलेंट करून उशाशी ठेवलेला फोन दर दहा मिनिटांनी पाहिला जातोच.

पहिल्या अर्ध्या तासात उठून जाणं

रिकामं बसलं की कर्जाचा हप्ता, भावकीतला वाद, पोरीची फी, सगळं एकदम वर येतं. लोक म्हणतात, आपल्याला हे जमत नाही. पण हातात काम नसताना मेंदू स्वस्थ बसत नसतो. त्याच्या या रिकाम्या वेळच्या हालचालीला मेंदूचे अभ्यासक मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये 'डिफॉल्ट मोड' असं नाव दिलं. जवळ वही ठेवा, आलेला विचार एका ओळीत लिहा, पुन्हा बसा.

सुट्टीलाच डोकं ठणकत असेल तर आधी चहा चुकला का ते बघा. रोजची वेळ टळली की चहातलं कॅफिन न मिळाल्याने असं होतं. त्या दिवशी दुपारपर्यंत झोपूही नका, रात्रीची झोप बिघडते. आणि असे मोकळे दिवस घेऊनही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवणावरून मन उडालं असेल, तर आणखी सुट्टी घेऊन भागणार नाही. डॉक्टरांना दाखवा.