यादवी युद्धाचा पेपर आणि 'राज्यांचे हक्क' नावाचा खड्डा

एम. ए.ला अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर घेतला की बहुतेकांना वाटतं, यादवी युद्ध (1861 ते 1865, उत्तरेतली राज्यं विरुद्ध संघातून फुटलेली दक्षिणेतली राज्यं) म्हणजे हक्काचे मार्क. फोर्ट समटरला सुरुवात, गेटिसबर्गची लढाई, ॲपोमॅटॉक्सची शरणागती, अध्यक्ष लिंकनचा खून, झालं. एवढं तुम्हाला येतंच, त्यामुळे त्यात शिरत नाही. लढायांच्या सनावळ्या पाठ केल्यानं कुणी नापास होत नाही आणि कुणी पुढेही जात नाही.

गाडी रुतते ती 'युद्धाची कारणे लिहा' या प्रश्नावर. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या कुठल्याही नोट्स उघडा. पहिलं कारण राज्यांचे हक्क (म्हणजे केंद्राच्या विरोधात जाऊन राज्यानं आपलं आपण ठरवायचा हक्क), दुसरं जकातीचा वाद, तिसरं उत्तरेचे कारखाने विरुद्ध दक्षिणेची शेती. गुलामगिरी चौथ्या नाहीतर पाचव्या क्रमांकावर, अंग चोरून उभी. लेखी परीक्षेत हे खपून जातं. तोंडी परीक्षेत समोरचा शांतपणे विचारतो, "हक्क? कशाचा हक्क?" आणि पुढे शब्द फुटत नाही. हे मी भोगलंय, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

साउथ कॅरोलिना 20 डिसेंबर 1860 ला संघातून फुटलं आणि आपण का फुटलो याचं जाहीर निवेदन काढलं. ते इंटरनेटवर फुकट आहे आणि फार मोठंही नाही. त्यात तक्रार काय? पळून आलेले गुलाम उत्तरेतली राज्यं परत करत नाहीत. 1850 चा पळपुट्या गुलामांचा कायदा केंद्राचा, पण ही राज्यं आपापले कायदे करून तो हाणून पाडतात. न्यू यॉर्कमधून तर गुलामाला घेऊन नुसतं जाऊही देत नाहीत. आता सांगा, इथे राज्याचा हक्क कोण बजावत होतं? उत्तरेतली राज्यं! आणि दक्षिणेची मागणी होती की केंद्रानं तो मोडून काढावा. मिसिसिपीनं तर आडपडदाच ठेवला नाही: आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे, असं सुरुवातीलाच लिहून टाकलं. फुटलेल्या दक्षिणेच्या सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स 21 मार्च 1861 ला जॉर्जियातल्या सव्हानात म्हणाला की, कृष्णवर्णीय माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या सरकारची कोनशिला. युद्ध हरल्यावर याच गृहस्थानं जाडजूड ग्रंथ लिहून भांडण घटनेच्या तत्त्वांचं होतं असं पटवायला घेतलं. नोट्समधलं 'पहिलं कारण' तिथून आलंय. जकातीचं म्हणाल, तर आयातीवरची जकात वाढवणारा मॉरिल कायदा झाला मार्च 1861 मध्ये. तोवर सात राज्यं फुटून मोकळी झाली होती.

पण हे कळल्यावर लंबक दुसऱ्या टोकाला नेऊ नका. लिंकननं गुलामांच्या मुक्तीसाठी युद्ध पुकारलं, हेही चूक. गुलामगिरी आहे त्या राज्यांत हात घालायचा माझा इरादा नाही, असं त्यानं अध्यक्ष म्हणून शपथ घेतानाच्या पहिल्याच भाषणात सांगितलं होतं. दक्षिण फुटली गुलामगिरीसाठी. उत्तर लढायला उतरली संघराज्य टिकवायला. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, उत्तरपत्रिकेत वेगळेच ठेवा. 1 जानेवारी 1863 चा मुक्तीचा जाहीरनामासुद्धा बंडखोर भागापुरताच होता. केंटकी, मिसूरी, मेरीलँड, डेलावेअर ही गुलामगिरी असूनही न फुटलेली राज्यं त्यातून वगळलेली. युद्धाचा हेतू बदलला तो बराचसा गुलामांनीच, मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांत येऊन. पुढे सुमारे 1 लाख 80 हजार कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात लढले. नोट्समध्ये ते बहुधा फक्त 'मुक्त झाले' असतात.

घाबरू नका, हा एवढा गुंता सुटला की पुढचं सोपं जातं. सोपं म्हणजे समजायला, वाचायला नाही.

युद्धानंतरच्या पुनर्रचनेवर क्लासवाले अर्धा तास देतात: घटनेच्या 13, 14 आणि 15 व्या दुरुस्त्या (गुलामगिरी बंद, नागरिकत्व, मताधिकार), मग 1877 ला पुनर्रचना गुंडाळली, विषय संपला. एका पानात सगळं बसवणाऱ्या तक्त्यांवर माझा बिलकुल विश्वास नाही. नकाशे पाठ करून घेणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा मूळ कागद हातात ठेवून 'वाच आणि सांग' म्हणणारा कडक माणूस बरा. या काळाला भ्रष्ट कारभार म्हणून निकालात काढणारी मांडणी कोलंबिया विद्यापीठातले इतिहासकार विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी रुजवली. 1913 ते 1916 बाबासाहेब तिथे शिकत होते, तेव्हा डनिंग तिथेच प्राध्यापक होते. कृष्णवर्णीय अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी 1935 मध्ये ती मांडणी खोडून काढली, तरी आपल्याकडच्या गाइडांत ती अजून ठाण मांडून आहे.

कागद म्हणजे काय, एक दाखवतो. ऑगस्ट 1865. टेनेसीतला जुना मालक गुलामगिरीतून सुटलेल्या जॉर्डन अँडरसनला निरोप धाडतो, परत कामाला ये. जॉर्डन ओहायोतून उत्तर लिहवून घेतो: येतो की, पण आधी माझी 32 वर्षांची आणि बायकोची, मँडीची, 20 वर्षांची मजुरी पाठवा. मला महिना 25 डॉलर, तिला आठवड्याला 2. एकूण 11,680 डॉलर. त्यातून आमच्या कपड्यालत्त्याचे आणि डॉक्टरचे पैसे वळते करा. शेवटी पुस्ती: तुम्ही माझ्यावर गोळ्या झाडत होतात तेव्हा जॉर्ज कार्टरनं तुमच्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं, त्याला माझे आभार सांगा. मुक्त माणसाला जमीन नाही, मजुरी बुडालेली, आणि मालकाला तोच मजूर परत हवा: पुनर्रचनेचं सगळं भांडण या हिशेबात आहे.

मराठी मुलं हमखास युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडल्यानं आलेल्या मुंबईच्या कापसाच्या तेजीवर आणि 1865 च्या शेअरबाजाराच्या पडझडीवर दोन पानं भरतात. चार ओळी पुरेत. त्यापेक्षा जोतीराव घ्या. 'गुलामगिरी' 1873 ची, अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केलेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुईझियानात कोलफॅक्सला गोऱ्या टोळीनं अनेक कृष्णवर्णीयांची कत्तल केली, कित्येकांची तर शरण आल्यावर. दोषी ठरलेल्या मोजक्यांची शिक्षाही 1876 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टिकू दिली नाही. अर्पणपत्रिका आणि कोलफॅक्स एकाच उत्तरात मांडा, मात्र फुल्यांना 'माहीत नव्हतं' म्हणून बोल लावायला जाऊ नका. त्यांचं अर्पण लढणाऱ्यांना होतं, अमेरिकेच्या सरकारला नव्हे.

इंग्रजी कच्चं असेल तर निवेदनं आधी वाचा, ग्रंथ नंतर. एकोणिसाव्या शतकातली लांबलचक वाक्यं सुरुवातीला डोक्यावरून जातात. दिवसाला एकच पान घ्या आणि प्रत्येक परिच्छेदाखाली मराठीत एक ओळ लिहून ठेवा. साउथ कॅरोलिनापासून सुरू करा, मग मिसिसिपी. जॉर्जियाचं निवेदन लांब आहे, ते आणि टेक्सासचं सुट्टीत उरका.