खालच्या न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध रिट याचिका: या चुका टाळा

दिवाणी न्यायालयाने अर्ज फेटाळला की ‘हायकोर्टात रिट टाकू’, म्हणजे त्या आदेशात हस्तक्षेपासाठी उच्च न्यायालयात याचिका करू, असे पक्षकार सहज म्हणतो. परंतु राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खालील अधिकार कनिष्ठ न्यायालयांना त्यांच्या मर्यादेत ठेवण्यासाठी आहे आणि तो क्वचितच वापरायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने वरियाम सिंग प्रकरणात १९५४ मध्येच सांगितले आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे याचिका अपिलासारखी लिहिणे. साक्षीदारांची उलटतपासणी पानेच्या पाने उतरवायची आणि ‘पुराव्याचे मूल्यमापन चुकले’ एवढेच कारण द्यायचे, अशा याचिकेत हस्तक्षेपाला जागाच उरत नाही. कारण पुराव्यावरून दोन निष्कर्ष निघू शकत असतील, तर खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष उच्च न्यायालयाला स्वतःला पटला नाही तरी सहसा कायम राहतो. दाखवायचे असते ते निराळेच: तो आदेश देण्याचा अधिकारच न्यायालयाला नव्हता, असलेला अधिकार वापरण्यास त्याने नकार दिला, बाजू मांडण्याची संधी दिली नाही, किंवा कसलाही पुरावा नसताना निष्कर्ष काढला. लेखी कैफियतीच्या (दाव्याला प्रतिवादीने दिलेल्या लेखी उत्तराच्या) दुरुस्तीचा अर्ज गुणदोष तपासून नाकारला असेल तर याचिका अवघड असते. मात्र ‘असा अर्ज चालतच नाही’ असे चुकीचे समजून न्यायालयाने तो विचारातच घेतला नसेल, तर प्रश्न अधिकारक्षेत्राचा होतो. हा दोष एका वाक्यात मांडता येत नसेल, तर याचिका करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक उपलब्ध अपील सोडून देण्याची. तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज नामंजूर झाल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४३ खाली अपील होते, आणि संहितेत अपिलाची सोय असताना अनुच्छेद २२७ चा मार्ग जवळजवळ बंद समजावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावले आहे. दरम्यान अपिलाची मुदत निघून गेली, तर विलंबमाफीसाठी वेगळा झगडा करावा लागतो. ज्या अंतरिम आदेशावर अपील नाही, त्यातील चूक कलम १०५ मुळे, तिचा निकालावर परिणाम झाला असेल तर, अंतिम हुकूमनाम्यावरील (दाव्याच्या अंतिम निर्णयावरील) अपिलातही मांडता येते. ही वाट अनेकांना ठाऊकच नसते.

याचिकेच्या मथळ्यात अनुच्छेद २२६ (उच्च न्यायालयाला रिट काढण्याचा अधिकार देणारा) लिहिण्याची सवयही सोडावी. राधेश्याम विरुद्ध छबीनाथ या २०१५ च्या निकालानुसार दिवाणी न्यायालयाच्या न्यायिक आदेशाला त्या अनुच्छेदाखाली आव्हान देता येत नाही.

याचिका दाखल झाली म्हणजे खालचा दावा थांबला, असेही समजू नये. स्थगितीची मागणी स्वतंत्रपणे करावी लागते. याचिकेला ठरावीक मुदत नसली तरी उशिराचा खुलासा तारखांनिशी द्यावा, आणि आव्हान दिलेल्या आदेशासोबत मूळ अर्ज, त्यावरील विरुद्ध पक्षाचे म्हणणे व संबंधित तारखांचा रोजनामा (न्यायालयाच्या दररोजच्या कामकाजाची नोंद) जोडावा. संधी नाकारल्याची तक्रार असेल, तर त्या दिवशी न्यायालयात काय घडले हे रोजनाम्यावरूनच दिसते.