आयसीसीयूच्या दारावरचे नातेवाईक

आयसीसीयूत, म्हणजे हृदयरोग्यांच्या अतिदक्षता विभागात, नर्स म्हणून लागले तेव्हा पहिले काही महिने नातेवाईक म्हणजे मला कामातली अडचण वाटायचे. भेटीची वेळ संध्याकाळी चार ते पाच, एका पासवर एकच माणूस. मी नियमाला पक्की होते.

मग एक आजी आल्या. हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी झालेली. तिसऱ्या रात्री त्यांना भ्रम झाला. "गाय बांधली का?" एवढंच विचारत उठून बसायच्या, सलाईन ओढायच्या. पल्स १३०. मुलगा जिन्याखाली चटई टाकून पडला होता. तो दोनदा वर आला, मी दोनदा परत पाठवला आणि आजींचे हात बांधले. माझं चुकलं होतं. पुढच्या रात्री इन्चार्ज सिस्टरनी त्याला आत घेतलं. तो आईच्या कानाशी वाकून म्हणाला, "बांधली गं आई, वैरणही टाकली." थोड्या वेळात आजींना झोप लागली.

गर्दीने इन्फेक्शन वाढतं, असं सिनियर सांगतील. मलाही तेच शिकवलं होतं. पण फ्लोरेन्सच्या एका आयसीयूत खुल्या आणि मर्यादित भेटींची तुलना झाली. २००६ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात खुल्या भेटींमुळे पेशंटचं इन्फेक्शन वाढलं नव्हतं, उलट हृदयाची गुंतागुंत कमी दिसली. ब्राझीलच्या ३६ आयसीयूंमधल्या २०१९ च्या अभ्यासात भेटीचे तास वाढवून भ्रम फारसा कमी झाला नाही. नातेवाइकांची चिंता मात्र कमी झाली.

तरी दार सताड उघडं ठेवा, असं मी म्हणणार नाही. शीथ (अँजिओसाठी रक्तवाहिनीत घातलेली नळी) काढताना किंवा शेजारच्या बेडवर सीपीआर चालू असताना कुणीही आत नको. आणि एकदा एक जण कॉटपाशी जमिनीच्या कागदावर सही मागत होता. अशा माणसाला सरळ बाहेर न्या, तिथे भिडस्तपणा कामाचा नाही.

आत सोडण्याआधी दोन मिनिटं दाराशी बोला. नळ्या दिसतील, अलार्म वाजेल, दर वेळी तो धोक्याचाच नसतो. हात खुशाल धरा. मांडीतून अँजिओ झाली असेल तर पाय वाकवू देऊ नका. पाणी मोजून द्यायचंय, नारळपाणी विचारल्याशिवाय नको. चष्मा, कवळी, कानाचं मशीन घरी राहिलं असेल तर मागवून घ्या. निम्मा गोंधळ त्यानेच असतो.

ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला हँडओव्हर देताना औषधांनंतर मी आता एक ओळ जास्त सांगते: बेड चारचे आजोबा धाकट्या सुनेचा आवाज ऐकला की शांत होतात, ती खालीच बसलीय.