पाणीगळती मोजताना या चुका टाळा

नाशिकला गंगापूर, दारणा आणि मुकणे धरणांचं पाणी येतं. ते शुद्ध होऊन जलकुंभात चढतं, पण बहुतेक भागांत दिवसातले ठरावीक तासच नळाला असतं. गळती मोजायला निघालेला माणूस ही शेवटची गोष्ट विसरला, तर त्याचं पुढचं सगळं गणित चुकतं.

सगळ्यात महागात पडते ती रात्रीच्या प्रवाहाची चूक. जिथे चोवीस तास पाणी असतं तिथे पहाटे दोन ते चारच्या दरम्यान वापर जवळजवळ थांबतो. तेव्हा मीटरवर दिसणारा प्रवाह बहुतांशी गळतीचाच असतो. आपल्याकडे त्या वेळी वाहिनीत दाबच नसतो, त्यामुळे मीटर शून्य दाखवतो. पाणी सुटल्यावर मोजावं, तर सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्या भरत असतात आणि गळती त्यात लपून जाते.

यावर उपाय आहे. एखादा छोटा भाग निवडा. त्याच्या हद्दीवरचे व्हॉल्व्ह बंद करा आणि आतला दाब खरोखर शून्यावर येतो का ते पाहा. येत नसेल तर कुठून तरी पाणी शिरतंय. मग त्या भागाला एक-दोन दिवस सलग पाणी द्या. टाक्या भरत जातील तसा प्रवाह उतरतो, आणि रात्री तो जिथे स्थिरावतो तो आकडा धरायचा. मात्र त्याआधी घरोघरी बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता नळ, तपासा. पाणी तासाभरात जाणारच म्हणून अनेक ठिकाणी तो बसवलेलाच नसतो. मग टाकीवरून वाहून गटारात गेलेलं पाणी गळतीच्या खात्यात पडतं आणि धड वाहिनीसाठी रस्ता खोदला जातो. या कामात त्या भागातल्या व्हॉल्व्हमनला सोबत घ्याच. कुठला व्हॉल्व्ह अर्धवट बसतो हे नकाशात सापडत नाही, त्याला ठाऊक असतं.

टक्केवारीवर विसंबू नका. केंद्राच्या २००८ च्या निकषांनुसार बेहिशेबी पाणी, म्हणजे सोडलेल्या पाण्यापैकी ज्याचे पैसे येत नाहीत ते, २० टक्क्यांपर्यंत असावं. पण त्या आकड्यात चोरीच्या नळजोडण्या, अडकलेले मीटर आणि बिल न झालेलं पाणीही येतं. ते वाहिनी दुरुस्त करून कमी होणार नाही. शिवाय सेकंदाला १ लिटर गळणारं छिद्र दोन तासांच्या पुरवठ्यात ७,२०० लिटर घालवतं, चोवीस तासांत ८६,४०० लिटर. म्हणून दोन भागांची तुलना करताना पुरवठ्याच्या दर तासाला, दर नळजोडणीमागे किती लिटर गळतं ते काढा आणि शेजारी दाब लिहा.

दाबही एकाच जागी मोजू नका. जुनं नाशिक टेकड्यांवर, गोदाकाठ खाली. उंची १० मीटरने कमी झाली की दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलोने वाढतो आणि त्यासोबत गळतीही. वरच्या गल्लीतल्या लोकांची कमी दाबाची तक्रार आणि खालच्या गल्लीतली गळती ही बऱ्याचदा एकाच दुखण्याची दोन टोकं असतात.

जलकुंभ तपासायचा राहून जातो. आत येणारा आणि बाहेर जाणारा दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून रात्रभर पातळी बघा. २० मीटर व्यासाच्या टाकीत पाणी १ सेंटीमीटर उतरलं तरी सुमारे ३,१४० लिटर गेलेले असतात.

कानाने गळती शोधायची तर पाणी सुटून दाब चढल्यावर, शांत वेळी. पीव्हीसी वाहिनीत आवाज लवकर विरतो. तिथे काही ऐकू आलं नाही म्हणून वाहिनी ठीक आहे असा निष्कर्ष काढू नका. ओल दिसली तर क्लोरीन तपासा. सापडलं तर पाणी नळाचंच असण्याची दाट शक्यता. नाही सापडलं तरी शंका मिटत नाही, कारण मातीतून झिरपताना क्लोरीन संपतं. हे गांभीर्याने घ्यायला हवं. पुरवठा थांबून दाब गेला की त्याच छिद्रातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी पहिलं पाणी भरणाऱ्या घरात ते पोचतं.

दुरुस्तीनंतर खड्डा लगेच बुजवू नका. पूर्ण दाबाने पाणी सोडून सांधा बघा, त्या भागाचा प्रवाह पुन्हा मोजा. एक छिद्र बंद झालं की दाब वाढतो आणि पुढचा कमकुवत सांधा गळू लागतो. वाहिनी कशाची, किती खोल, सांधा सुटला की गंजला, एवढं तिथेच वहीत लिहून घ्या.