पुण्यातल्या गच्चीवर छोटं सोलर स्वतः कसं बसवायचं

गुरुवार म्हटलं की पुण्यात लाइट जाणार हे आपण धरूनच चालतो. दर आठवड्याला नाही जात, पण ज्या गुरुवारी दुरुस्तीचं काम निघतं त्या दिवशी सकाळी दहाला गेलेली लाइट चार-पाच वाजले तरी येत नाही आणि नेमकी तेव्हाच ऑफिसची मीटिंग असते. आमच्या धायरीच्या घरी मी गच्चीवर २०० वॉटचं छोटं सोलर स्वतः बसवलंय, त्यावर वायफाय, एक पंखा, तीन दिवे आणि घरातल्या चौघांचे मोबाइल चालतात. ते कसं करायचं ते सगळं लिहितेय, जिथे चुकले तेसुद्धा, कारण त्यातली एक चूक महागात पडली असती.

आधीच सांगते, बिल कमी करायला हे करू नका. एवढ्या सिस्टिममधून महिन्याला जेमतेम २० युनिट निघतात. बिलच कमी करायचं असेल तर पीएम सूर्यघर योजना आहे, फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालेली, त्यात ३ किलोवॉट किंवा वरच्या सिस्टिमला ७८ हजार सबसिडी मिळते. पण ती ग्रिडला जोडलेली सिस्टिम असते आणि नोंदणी असलेल्या व्हेंडरकडूनच बसवावी लागते. आपलं हे बॅटरीवालं, लाइट गेल्यावर कामाला येणारं, आणि त्याला सबसिडी नाही.

पॅनल कितीचं घ्यायचं हे सगळे आधी विचारतात, पण ते वहीत आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. माझा हिशोब असा होता, राउटर १० वॉट गुणिले २४ तास म्हणजे २४०, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॉट सात तास म्हणजे २१०, ९ वॉटचे तीन एलईडी पाच तास म्हणजे १३५, आणि चार मोबाइलचे मिळून ६० धरले. बेरीज ६४५ वॉट-अवर. जुना साधा पंखा ७५ वॉट खातो, तोच ठेवला असता तर बेरीज ९६० वर गेली असती आणि पॅनल, बॅटरी सगळंच वाढलं असतं, म्हणून आधी पंखा बदला मग सोलर घ्या, हे मी सगळ्यांना सांगते. पुण्यात वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला साधारण पाच तासांचं पूर्ण ऊन धरता येतं. २०० गुणिले पाच म्हणजे १०००, त्यातलं ३० टक्के उष्णता, धूळ, वायर आणि बॅटरीत जातं, उरलं ७००. भागतं. जुलै-ऑगस्टमध्ये ढग बसले की कधीकधी निम्मंसुद्धा मिळत नाही, तेव्हा पंखा मेनवर घ्यायचा आणि राउटर तेवढा सोलरवर ठेवायचा.

बॅटरी मी लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली, १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-अवर, म्हणजे १२८० वॉट-अवर, त्यातलं ८० टक्के बिनधास्त वापरता येतं. लोडशेडिंगच्या काळापासून घरात इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर (पाणी घालायची लेड-ॲसिड बॅटरी) असेल आणि बॅटरी चांगली असेल तर नवी घेऊ नका, तिलाच सोलर चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीला मोजून देणारा डबा, जोडा. तिच्यातलं निम्मंच वापरायचं म्हणजे ९०० वॉट-अवर, ते पुरतं. फक्त एक लक्षात घ्या, इन्व्हर्टर मेनवरून बॅटरी सतत फुल ठेवतो, मग सोलरला भरायला काही उरतच नाही आणि लोकांना वाटतं पॅनल खराब आहे. ऊन असताना इन्व्हर्टरचा मेनचा स्विच बंद ठेवायचा. आणि ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तेव्हा ती बंद कपाटात नको, देवघराच्या खाली तर अजिबात नको, तिथे निरांजन असतं.

खरेदीला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलात तर बहुतेक सगळं एका फेरीत मिळतं. वायर घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा, आतून चंदेरी निघालं तर ते ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत करा. कंट्रोलर घेताना तर अजून सांभाळून. स्वस्तातल्या बऱ्याच डब्यांवर एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वॉट काढणारा) छापलेलं असतं पण आत साधा पीडब्ल्यूएम (पॅनलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर ओढणारा) असतो, हातात घेतला की हलका लागतो कारण आत मोठी कॉइलच नसते. घरी आणल्यावर खात्री करायची असेल तर दुपारी बॅटरी रिकामी असताना चार्जिंग चालू ठेवा आणि मल्टिमीटर पॅनलच्या वायरींना लावा, तिथे बॅटरीएवढेच १३-१४ व्होल्ट दिसले तर तो पीडब्ल्यूएम, खरा एमपीपीटी १२ व्होल्टच्या एका पॅनलला १७-१८ च्या आसपास धरून ठेवतो. २०० वॉटवर फरक चांगला जाणवतो, पीडब्ल्यूएम साधारण १४० वॉटवर अडकतो. मी ३० अँपिअरचा घेतला, २० चा अगदी काठावर पडतो.

आता गच्ची. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण १८ ते २० अंश तिरकं, कारण पुण्याचा अक्षांश १८.५ आहे. दक्षिण शोधायला मोबाइलचं होकायंत्र लोखंडी अँगलजवळ फसवतं. त्यापेक्षा हिवाळ्यात एक काठी ओळंब्यात उभी करा आणि सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा खडूने रेघ मारा, ती बरोब्बर उत्तर-दक्षिण. आपल्याकडे ते बाराला होत नाही, १२:३५ च्या सुमाराला होतं, महिन्याप्रमाणे पंधरा मिनिटं मागेपुढे, कारण घड्याळाची वेळ ८२.५ रेखांशाची आहे आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत हे करू नका, तेव्हा दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा जरा उत्तरेकडेच असतो.

सावलीचं गणित उन्हाळ्यात बघून ठरवलं तर फसाल. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य ४८ अंशांवरच असतो, म्हणजे पाच फुटी पाण्याच्या टाकीची सावली उत्तरेकडे साडेचार फूट पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. टाकीच्या उत्तरेला पॅनल ठेवायचं तर निदान दहा फूट सोडा. पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तर तेवढंच कमी होतं असं नाही, आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात त्यामुळे एका सेलने अख्ख्या पॅनलचं उत्पादन खाली येतं. कबुतराची घाण वाळून बसली तरी तेच, म्हणून आठवड्याला एकदा सकाळी पॅनल गार असताना ओल्या फडक्याने पुसा. बोअरचं पाणी नको, क्षाराचे डाग बसतात.

गच्चीला होल मारू नका, हात जोडून सांगते. खाली ब्रिकबॅट कोब्याचं (विटांच्या तुकड्यांच्या थराचं) वॉटरप्रूफिंग असतं, एक अँकर गेला की पहिल्याच पावसात छत गळायला लागतं आणि सोसायटी असेल तर खालच्या घरवाल्यांशी कायमचं बिघडतं. (सोसायटीत आधी कमिटीची लेखी परवानगी घ्या.) जीआय अँगलचं स्टँड करा आणि पाय काँक्रीटच्या ब्लॉकमध्ये ओतून घ्या. वजनात कंजुषी नको, एप्रिल-मेमधला वळीव पॅनलला खालून उचलतो. पॅनलखाली वीतभर मोकळी जागा हवीच, वारा खेळला पाहिजे, कारण सेल २५ अंशांच्या वर जितके तापतात तितकं प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के कमी होतं आणि मेच्या दुपारी ते सहज ६० ला पोचतात. फ्रेमला अर्थिंग करा.

वायर हा खरा विषय आहे, लोक इथेच पैसे वाचवतात. १२ व्होल्टला करंट जास्त वाहतो त्यामुळे बारीक वायरमध्ये वीज गरम होऊनच संपते. माझं पॅनल ते कंट्रोलर अंतर १५ मीटर, जाऊन-येऊन ३०. १०० वॉटची दोन पॅनल समांतर जोडली तर ११ अँपिअर, ४ स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये जवळजवळ दीड व्होल्ट जातो, १८ मधले ८ टक्के. तीच पॅनल सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडली की साडेपाच अँपिअर आणि ३६ व्होल्ट, नुकसान २ टक्के. वायर तीच, खर्च शून्य. फक्त कंट्रोलर एमपीपीटीच हवा आणि त्याला निदान ५० व्होल्ट चालतात ना ते लेबलवर बघा, कारण काही न जोडता मोजलेलं उघडं व्होल्टेज ४४ असतं आणि थंडीत जरा वर जातं. वायर सोलरचीच घ्या, घरातली साधी वायर उन्हात दोन-तीन वर्षांत तडकते.

बॅटरीच्या पॉझिटिव्हला फूटभराच्या आत फ्यूज. हे ऐच्छिक नाही, शॉर्ट झाला तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते आणि वायर लाल होते. कंट्रोलरकडे जाणाऱ्या ६ स्क्वेअर एमएमला ३० अँपिअरचा, ३०० वॉटच्या इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या १० स्क्वेअर एमएमला ४० चा. स्विचसाठी घरातला एसीचा एमसीबी डीसीला वापरू नका, एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीची ठिणगी तशीच पेटलेली राहते. डीसी असं लिहिलेला मागून घ्या.

माझी चूक इथेच झाली. कंट्रोलरच्या टर्मिनलमध्ये मी वायर सोलून, पिळून तशीच घातली आणि स्क्रू आवळला, वाटलं घट्ट आहे. तीन आठवड्यांनी दुपारी खोलीत प्लॅस्टिक तापल्यासारखा वास आला, जाऊन बघितलं तर टर्मिनलभोवतीचं काळं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं आणि वायर नुसती हलवली तर हातात आली. मोकळ्या तारा दाबाखाली पसरतात, स्क्रू ढिला होतो, तिथे उष्णता साठते. आता प्रत्येक टोकाला लग किंवा फेरूल (वायरच्या टोकावर बसवायची धातूची टोपी), बरोबर मापाच्या क्रिंपरने दाबलेलं, आणि क्रिंप केल्यावर प्रत्येक वायर जोरात ओढून बघायची, निघाली तर आत्ताच निघू दे.

जोडायचा क्रम पाठ करा. हातातली अंगठी-बांगड्या काढा, पॅनलवर जाड चादर टाका, आधी बॅटरी कंट्रोलरला जोडा, त्यात बॅटरीचा प्रकार लिथियम की ट्युब्युलर ते सेट करा, मग मल्टिमीटरने पॅनलचं प्लस-मायनस तपासा आणि मग पॅनल. काढताना उलटं, आधी पॅनल. लिथियमला इक्वलाइज मोड (मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन चार्ज करणं) बंदच असला पाहिजे. पॅनलच्या वायरींचे एमसी-४ कनेक्टर चार्जिंग चालू असताना कधीच उपटू नका.

राउटर इन्व्हर्टरवर ठेवू नका. छोटा इन्व्हर्टरसुद्धा नुसता चालू राहायला ६ ते १० वॉट खातो, २४ तासांत दीडशे-दोनशे वॉट-अवर तिथेच गेले. राउटर बहुतेक १२ व्होल्टचाच असतो, मध्ये एक १२ व्होल्ट स्थिर देणारा कन्व्हर्टर टाका आणि थेट बॅटरीवर चालवा, बॅटरी चार्जिंगला १४.४ पर्यंत जाते म्हणून कन्व्हर्टर पाहिजेच. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह घ्या आणि लागेल तेव्हाच चालू करा.

आणि इन्व्हर्टरचं आउटपुट घराच्या सॉकेटमध्ये उलटं खोचून अख्खं घर चालवायचा प्रयत्न कधीही करायचा नाही. ती वीज मीटरमधून बाहेर लाइनवर जाते आणि खांबावर चढलेला वायरमन लाइन बंद आहे असं समजून हात लावतो, नेमकं त्याच गुरुवारी. सोलरचे बोर्ड वेगळे ठेवा, घराच्या वायरिंगलाच जोडायचं असेल तर लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर (एका वेळी मेन किंवा सोलर यातलं एकच जोडणारा स्विच) बसवून घ्या.

पहिले पंधरा दिवस रात्री झोपताना आणि सकाळी बॅटरीचं व्होल्टेज वहीत लिहा. ट्युब्युलर लोड काढून तासभर शांत ठेवल्यावर १२.७ म्हणजे फुल, १२.२ म्हणजे निम्मी झाली, त्याखाली नेऊ नका. लिथियमचं व्होल्टेज बराच वेळ १३ च्या आसपासच राहतं, त्यावरून अंदाज येत नाही, तिला शंट लावलेला (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा) मीटर घ्या. दसरा झाला की एकदा गच्चीवरचे आणि खालचे सगळे स्क्रू पुन्हा आवळायचे, मी त्याच दिवशी खंडेनवमीला पूजलेला पाना घेऊन बसते.