कार्डाला टेकू लावण्याआधी

कॉम्प्युटरमधलं जड ग्राफिक्स कार्ड स्वतःच्या वजनाने झुकतं, म्हणून त्याला खालून टेकू देतात. तो विकत आणायला निघण्याआधी कार्डाचं रिकामं खोकं माळ्यावरून खाली काढा. जड कार्डांसोबत बऱ्याच कंपन्या एखादी पत्र्याची पट्टी किंवा छोटा खांब देतात, आणि नवं कार्ड बसवायच्या घाईत तो फोमखालीच राहून जातो. माझा दीड वर्ष तिथेच पडून होता. तोवर मी कार्डाखाली कॅरमच्या सोंगट्यांची चळत रचून भागवत होतो, आणि खरं सांगायचं तर भागतही होतं.

खोकं हातात आहे तोवर कार्डाची लांबी आणि वजन बघून घ्या. वजन लिहिलेलं नसलं तर स्वयंपाकघरातला काटा आहेच. एका पंख्याचं वीतभर कार्ड असेल तर पुढचं काही वाचू नका, त्याला टेकूची गरज नाही. ही सगळी उठाठेव मोठ्यांसाठी. २०२२मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९०चं एनव्हिडियाने स्वतः बनवलेलं कार्ड ३०४ मिलिमीटर लांब आणि साधारण २.२ किलोचं आहे. त्यातला जेमतेम ९ सेंटिमीटरचा भाग मदरबोर्डाच्या स्लॉटमध्ये, मागच्या टोकाला दोन-तीन स्क्रू, आणि बाकीचं अधांतरी.

टेकू कुठे लावायचा हे इथेच कळतं, म्हणून जरा थांबून बघा. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्डाची एक लांब कड मदरबोर्डाकडे असते आणि मागचं टोक पत्र्याला आवळलेलं असतं. त्यामुळे ते नुसतं पुढून खाली येत नाही, कॅबिनेटच्या बाजूच्या काचेकडेही कलतं. सगळ्यात खाली जातो तो पुढचा, काचेकडचा कोपरा. आधार हवा तो त्याच कोपऱ्याच्या आसपास. मधोमध खांब उभा केला की दिसायला छान दिसतं, पण कोपरा लोंबतो तो लोंबतोच. ताण येतो तो स्लॉटच्या टोकाला, कार्ड अडकवून ठेवणारा खटका असतो तिथे. कार्डाची पाटी, म्हणजे चिपा बसवलेला सर्किट बोर्ड, चिरली तर बहुधा त्याच जागी चिरते, आणि जवळच्या चिपांखालचे सोल्डरचे डाग सुटू लागतात. असं कार्ड दुरुस्तीवाल्याकडे गेलं की तो आधी मान हलवतो, मग आकडा सांगतो.

१९८१च्या आयबीएम पीसीत लांब कार्डाचं पुढचं टोक कॅबिनेटमधल्या प्लास्टिकच्या खाचेत सरकवायची सोय होती. तेव्हाच्या कार्डांना इतका जाडजूड हीटसिंक, म्हणजे चिप थंड ठेवणारा धातूचा भाग, हाही नव्हता. आता कार्डं जड झाली आणि खाच गेली.

मापासाठी स्टीलची पट्टी घ्या. मोबाइलमधल्या लेव्हलवर विसंबू नका, टेबलच तिरकं असेल तर ती काय सांगणार? कॅबिनेट सपाट जागी ठेवून काच काढा. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) असतो त्यावरच्या पत्र्याच्या झाकणापासून कार्डाच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर दोनदा मोजा, एकदा मागे स्क्रूंपाशी आणि एकदा पुढच्या कोपऱ्यापाशी. दोन्हींत मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक असेल तर घाबरू नका. पाच-सहा असेल तर आजच हात घाला. मागचं माप कागदावर लिहा, टेकूची उंची तेवढीच हवी. खाली पंखे बसवलेले असतील तर खांबाला उभं राहायला जागा आहे का तेही बघा. जागा नसेल तर मागच्या स्क्रूंना अडकवायची आडवी पट्टी घ्यावी लागेल. खांबाच्या बुडाशी लोहचुंबक असेल तर खालचा पत्रा लोखंडी आहे ना हे घरातला एखादा चुंबक लावून तपासा. ॲल्युमिनियमवर तो धरणार नाही, तिथे दुतर्फी टेप लागेल.

विकतचा नको असेल तर लाकडाचा ठोकळा, कापलेली पेन्सिल, लेगोच्या विटा, काहीही चालतं, फक्त वीज वाहणारं नको आणि दबणारं नको. स्पंज आणि थर्माकोल महिन्याभरात बसतात. वरून तंगुसाने टांगणारेही आहेत. तंगूस हळूहळू ताणतो, तेव्हा तो मार्ग धरलात तर अधूनमधून गाठ आवळायची तयारी ठेवा. कार्ड काचेसमोर उभं करून बसवणं हा वेगळाच खर्च आहे. त्याला रायझर केबल, म्हणजे कार्ड स्लॉटला जोडणारी चपटी वायर, लागते, आणि पंखे काचेला चिकटले तर तापमान चढतं. नुसत्या झुकण्यासाठी मी त्या वाटेला जाणार नाही.

प्रत्यक्ष काम दहा मिनिटांचं. कॉम्प्युटर बंद, एसएमपीएसचं बटण बंद, वायर भिंतीतून बाहेर, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवायचं. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्या. आता मागचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करा, डाव्या हाताने कार्ड अलगद सरळ धरा आणि त्याच स्थितीत स्क्रू पुन्हा आवळा. कित्येकदा निम्मं झुकणं इथेच जातं, कारण पहिल्या वेळी स्क्रू आवळताना कार्ड कोणी धरलेलंच नसतं. त्यानंतर खांब. त्याचं टोक कार्डाच्या चौकटीला लागलं पाहिजे, पंख्याच्या पात्याला नाही आणि उघड्या पाटीलाही नाही. टेकला की थांबा. आणखी फिरवून कार्ड वर ढकललंत तर ताण उलट दिशेने त्याच स्लॉटवर येतो.

या धक्काबुक्कीत पॉवरची केबल सैल होते. १६ पिनांचा नवा कनेक्टर असेल तर तो पूर्ण आत दाबलाय ना हे डोळ्यांनी बघा, आणि त्याच्यापासून सुमारे ३५ मिलिमीटरपर्यंत केबल वाकवू नका. काच लावल्यावर ती दाबली जात असेल तर काच लावायची घाई करू नका.

चालू केल्यावर पंख्याचा खरखराट ऐका. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १६ लेन (कार्ड आणि मदरबोर्डामधल्या माहितीच्या वाटा) दिसतात का बघा. आधी १६ दिसत होत्या आणि आता ८ दिसत असतील तर कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलेलं नाही, काढून परत बसवा. आठवड्याने स्टीलच्या पट्टीने दोन्ही अंतरं पुन्हा मोजा.

आणि घर बदलणार असाल, कॉम्प्युटर गाडीतून न्यायचा असेल, तर टेकूच्या भरवशावर राहू नका. कार्ड काढून त्याच्या खोक्यात भरणं उत्तम. तेवढा वेळ नसेल तर कॅबिनेट मागच्या सीटवर आडवं ठेवा, मदरबोर्ड खाली आणि काच वर, म्हणजे कार्ड स्लॉटवर सरळ उभं राहतं. टेकूचा खांब मात्र आधी काढून खिशात टाका, नाहीतर पहिल्याच गतिरोधकावर तो सुटून पंख्यात जाऊन बसेल.